मुद्देमालातला तांब्या

श्री

अंधेरी, ता. ५ फेब्रुवारी १९५१

चि. सौ. वसुधा हिस मार्तंडचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सर्व ठीक. लोणच्याचा डबा परत पाठव, नाहीतर तुझी वहिनी मला जेवू घालायची नाही.

आता कामाचं. रविवारी घाटकोपरच्या मैदानावर कोरियातल्या जखमींना औषधं पाठवण्यासाठी सभा आहे आणि तुझी शेजारीण जयंती त्यात पुढे आहे, हे मला ऑफिसात कळलं. यातच काय ते समज. परक्याच्या लढाईत कम्युनिस्टांच्या बाजूला इथून मदत जाते हे सरकारला खुपतंय. स्टेजजवळच्या टेबलाशी पोलिसांतर्फे शॉर्टहँड घेत बसणार तो मीच. तू जाऊ नकोस. गेलीसच तर मागे बस. तुझं नाव माझ्या वहीत येणार नाही, हा माझा शब्द.

मेहुण्यांना नमस्कार. दादाचं ऐक.

तुझा मार्तंड


श्री

घाटकोपर, ता. ८ फेब्रुवारी

ती. दादास वसुधेचा सा. न. वि. वि.

लहानपणी माझ्या चुगल्या आईला सांगायचास, आता सरकारला सांगतोस. पगार तेवढा सुरू झाला!

जयंती घरोघर तांब्यापितळेची भांडी मागते आहे. ती मोडीत घालून औषधं घ्यायची. आमच्या चाळीतल्या सगळ्याजणींनी काही ना काही काढलं. मी तू लग्नात दिलेला तांब्या देते आहे. रागावू नकोस. तिकडे पोरांचे पाय भुलीच्या औषधाशिवाय कापतात, असं जयंतीने सांगितलं आणि माझा घास तोंडात फिरायला लागला.

मी पहिल्या रांगेत बसणार. तुझी पेन्सिल मोडली तर माझ्याकडे माग.

माया आहे तशीच ठेव.

वसुधा


घाटकोपर, ता. १४ फेब्रुवारी

ती. दादास सा. न.

उजव्या हाताची दोन बोटं मोडलीत, डाव्या हाताने लिहिते आहे. जयंती आज पहाटे गेली.

तू टेबलाशीच होतास, पण शिट्टी झाल्यावर तुला मागे नेलं. पुढचं मी सांगते. जयंती भांड्यांच्या टोपलीवर आडवी पडली. पहिली लाठी तिच्या पाठीत बसली, दुसरी डोक्यात. मी हात मध्ये घातला तेव्हा बोटं गेली. तिचं रक्त टोपलीतून खाली गळत होतं आणि माणसं भांड्यांवरून घसरून एकमेकांवर पडत होती. एका पोलिसाने पडलेल्या म्हातारीच्या तोंडावर बूट मारला. मग टोपली उचलून नेली.

आता पोलीस म्हणतात, आधी बायकांनी दगड मारले. दादा, एकही दगड उडाला नव्हता, तू पाहिलंस. तुझ्या वहीत तेवढं खरं राहू दे. मला दुसरं काही नको.

वसुधा


अंधेरी, ता. १९ फेब्रुवारी

चि. वसुधास आशीर्वाद.

वाचून पत्र जाळ.

साहेबांनी टोपली माझ्यापुढे ओतली. तुम्ही बायका किती भोळ्या गं! भांड्यावर नाव घातलेलं असतं, हे एकीलाही सुचू नये? मी एकेक नाव उतरवत गेलो आणि त्यावरून दहाजणींना घरातून उचललं. सव्विसावं भांडं म्हणून तुझा तांब्या हातात आला: ‘चि. सौ. वसुधा हिस बंधू मार्तंडकडून’. जेवणाच्या सुट्टीत कानस घेऊन मी ते घासून काढलं. तू वाचलीस.

दगडांचं लिहावं लागलं. साहेब मागे उभे होते, नोकरी गेली तर चार पोरांना घेऊन कुठे जाऊ? मी भ्यालो.

हाताला एरंडाचं तेल लाव.

मार्तंड


घाटकोपर, ता. २० जून

ती. दादास वसुधेचा नमस्कार.

तू कोर्टात होतास, तरी लिहिते. तिथे तू वर पाहिलं नाहीस.

त्या दहाजणींच्या वकिलांना मीच सांगितलं होतं, मी जयंतीच्या शेजारी होते, दगड उडाला नाही, शपथेवर सांगेन. सरकारी वकिलाने विचारलं, तुम्ही तिथे होतात कशावरून? बोटं काय, पाट्यावरही ठेचतात. मी म्हटलं, टोपलीत माझा तांब्या आहे. त्याने तो काढला, उलटासुलटा केला आणि म्हणाला, बाई, याच्यावर तर कुणाचंच नाव नाही.

तुझ्याकडे बोट दाखवून सांगता आलं असतं, नाव त्यांनी घासलं, ते माझे सख्खे भाऊ आहेत. तू वहीत मान घालून बसला होतास आणि तुझी मानेमागची शीर उडत होती. तापात उडायची तशी. मी म्हटलं, खूण नाही. दहाजणींना सहा सहा महिने झाले. तांब्या बेवारस म्हणून जमा झाला.

तू नोकरीला भ्यालास, मी तुझ्यासाठी भ्याले. जयंतीचा खून दोघांनी मिळून पचवला. मला तुझी किळस येते आणि माझीही.

त्या दहा घरांतल्या पोरांना मी पाळीपाळीने जेवू घालते. भाऊबीजेला ये. पाट मांडीन, ओवाळीन. पण येताना आधी त्या दहा घरांत जा आणि प्रत्येक दारात आपलं नाव सांग. मग माझ्याकडे ये.

माया आटली असती तर सोपं झालं असतं.

तुझी
वसुधा