बोडीच्या पाण्याचे अपील

नागपूर, नोव्हेंबर १९८३

आदरणीय गोमाजी भाऊजींच्या सेवेशी इश्वरचा नमस्कार. तुमची कंबर कशी आहे? धान कापणीला आले असेल. ललिताबाईचा दमा थंडीत उचल खातो, तेव्हा तिला पहाटे धानाच्या बांधीवर जाऊ देऊ नका. (तिने माझे कधी ऐकले नाही, पण मोठ्या बहिणीला सल्ला देणे धाकट्याला सुटत नाही.) मी बरा आहे, म्हणजे ताप नाही.

सोमवारी कोर्टात तुम्ही मागच्या बाकावर होतात; पुढून ते कसे दिसले, ते सांगतो. भंडाऱ्यातली बरी चाललेली वकिली सोडून मी हायकोर्टात आलो, तो तुमच्या बोडीच्या, त्या एवढ्याशा तळ्याच्या पाण्याच्या भरवशावर. तुलारामने बोडीतून येणारा पाट अडवला, खालच्या कोर्टात तुम्ही हरलात, आणि मी म्हणालो, अपील करू. अपिलात माणसांचे काम नसते, कागद बोलतात, तुम्ही निवांत शेती पाहा. (या वाक्याचा मला फार अभिमान होता.) पुढे कित्येक वर्षे मी ते कागद इतके वाचले, की बोडीतल्या बेडकांचीही बाजू मांडू शकलो असतो. बाकी पक्षकार आले, चहा पिऊन दुसऱ्या वकिलाकडे गेले.

अखेर सोमवारी पुकारा झाला. न्यायमूर्ती चक्क ऐकत होते. मी तुलारामच्या काळ्या मनाचे वर्णन करत होतो, तेवढ्यात मागे कोणी खोकले. वळून पाहतो तर तो काळ्या मनाचा मनुष्य तुम्हाला तंबाखू मळून देत होता. न्यायमूर्तींनी दोघांना पुढे बोलावले. तुलाराम हात जोडून म्हणाला, "साहेब, यायची पोरगी शकुन माह्या घरची सून हाय. पानी आता तिच्याच बांधीत जाते. आमी त तिच्यासाठी लुगडं घ्याले आलो होतो." मी तुमच्याकडे पाहिले. तुम्ही शांतपणे म्हणालात, "तुमीच त सांगतलं होतं ना वकीलसायेब, अपिलात मानसाचं काम नाही." सगळे कोर्ट हसले आणि अपील निकालात निघाले.

भाचीचा सासरा कोण, हे मामाला कोर्टात कळावे. लग्नाला मी आलो नाही, कारण त्या दिवशी याच अपिलाची तारीख होती. पत्रिका वाचली ती दिवस पाहण्यापुरती. तारीख पुढे गेली, लग्न पुढे गेले नाही. मामाच्या जागी शकुनला बोहल्यावर कोणी आणले, हे विचारायचीही लाज वाटते. फार वाईट वाटते, भाऊजी.

आपला,
इश्वर

ता. क. तुमच्या गावच्या मंडईची जत्रा जवळ आली. यंदा रात्री दंडारीचा खेळ आहे का? सहज विचारले.

आणखी ता. क. सहज विचारले नाही. लग्नापासून ललिताबाईचे मंडईचे बोलावणे येत नाही. तिच्यापुढे माझी बाजू तुम्ही मांडा. मी मांडली तर पाल्हाळ होईल. मुदत टळली आहे, हे आधीच कबूल करून टाका.

शेवटचा ता. क. ती काय म्हणाली ते कळवू नका. मी लाखांदूरच्या एसटीने येतो आहे. नाही म्हणायचे असेल तर तिने दारात म्हणावे.