आजीची गूळतुला

कुंडल, १२ फेब्रुवारी १९७५

प्रिय जोतिबास अनेक आशीर्वाद,

बाभळीची दांडी, लोखंडी काटा, आठ साखळ्या आणि सागवानी फळ्यांची दोन पारडी. तुझ्या आजीच्या वाढदिवसाचा तराजू मी ह्याच हातांनी केला. कुठल्या शाळेत शिकलो नाही, पण रिकामी पारडी टांगली की दांडी घंगाळातल्या पाण्यासारखी सपाट राहत होती.

आजीला पंचाहत्तर झाली, गूळतुला करा, असं तू पलटणीतून लिहिलंस. तिची जन्मतारीख कुणाला ठाऊक? प्लेगात गाव माळावर झोपड्यांत होतं, तवाची ती. म्हणून आपला नवा गूळ निघाला तोच दिवस धरला. तुझ्या आईनं ओवाळलं. नवं लुगडं नेसून आजी पारड्यात बसली आणि म्हणाली, "आकाराम, बाजारात इकतूस का काय रं मला?" सगळी हसली.

किलोकिलोच्या भेल्या मी दुसऱ्या पारड्यात ठेवत गेलो. अठ्ठावीस झाल्या आणि आजी वर उचलली गेली. गेल्या साली अडत्याच्या काट्यावर गमतीनं बसवली होती, तेव्हा त्रेचाळीस भरली होती. तुझे नानासो चुलते म्हणाले, "काटा खोटा हाय गड्या तुझा." मलाही तेच हवं होतं. पारडी अदलाबदल केली, दुकानातली शिक्क्याची मापं आणून ताडून पाहिलं. काटा खरा होता. आपलं काम चुकलेलं निघावं, असं जन्मात पहिल्यांदा वाटलं.

मग ती बोलली. घास उतरत न्हाई, पर तू एवढा रंधा मारत बसलेला, कशाला सांगू म्हटलं. मिरजेच्या डॉक्टरांनी अन्ननलिकेत गाठ सांगितली. आता पेज तेवढी जाते, तीही मी वाटी धरून बसलो तरच. तुझ्या आईला म्हणते, ठेव, पिते मग, आणि पाठ फिरली की वासरापुढं ओतते.

तू धाडलेले लोणंदचे कारखानदार त्या दिवशी मांडवात होते. त्यांनी तराजूची दांडी दोनदा हातानं चाचपून पाहिली. पुढचं तुला त्यांच्याकडून कळेल आणि बापाचा ताठा आडवा आला, असं तुला वाटेल. ताठा नव्हे रं. असं कुणी विचारावं म्हणून मी आयुष्यभर वाट पाहिली होती. तू होळीच्या आत रजा काढून ये, आजी रोज विचारते. मी ज्याला नको म्हटलं ते असं: लोणंदला त्यांच्या कारखान्यात मुख्य मिस्त्रीची जागा, राहायला खोली आणि महिना साडेचारशे रुपये.

तुझाच बाप,
आकाराम