तीन वर्षं हुकलेली गोळी

सिरोंच्याजवळून, ७ जुलै २०२४

ती. हर्षाताईस,
सा. न. वि. वि.

टॉवर बंद आहे, म्हणून पत्र. ताई, याही वेळी तिसऱ्या महिन्यातच गर्भ पडला. तीन वर्षांत दुसऱ्यांदा. सासूबाईंनी पंधरा दिवस गरम भात हातात दिला, पण आता शेजारणींना सांगतात, सुनेच्या कुशीतच दोष आहे. निकेशसाठी दुसरी पोरगी बघू म्हणतात, तेव्हा तो जेवत राहतो. धानाची रोवणी चालू आहे, दिवसभर चिखलात रोपं लावते. चार पावलांत दम लागतो. माती खावीशी वाटते, हसू नकोस.

माया आहे तशी राहू दे.
तुझी रीता

आरमोरी, १५ जुलै

चि. सौ. रीतास,
अ. उ. आ.

हसू कसलं, रागच आला. मी इथे नर्स, दिवसभर बायकांना हेच समजावते, आणि माझीच बहीण माती खाते. धानाच्या बांधीत चप्पल घालून उतरायचं नाही, हा तुमचा नेम मला मान्य. पण त्याच चिखलातून जंत तळपायात शिरतात आणि आतड्याला चिकटून रक्त पितात. अंगात रक्त नसेल तर गर्भ टिकणं अवघड होतं. कुशीला बोल लावू देऊ नकोस. रक्त आणि शौच तपासून घे. दरवर्षी हत्तीपायाच्या मोहिमेत घरोघर गोळ्या देतात, त्यात जंताचीही असते. तू घेतली नाहीस का? खरं लिही.

निकेशरावांना नमस्कार नको, माझा राग कळव. स्वतःला जप.
तुझी ताई

सिरोंच्याजवळून, १२ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तपासलं. रक्त सातच भरलं, बारा हवं म्हणे; जंतांची अंडीही निघाली. दवाखान्यात जंताच्या गोळ्या संपलेल्या. मोहिमेत घ्या म्हणाले.

आजवर का घेतली नाही, ते लिहायला लाज वाटते. गरोदर बाईला ती देत नाहीत. दरवर्षी मोहिमेची बाई दारात आली की सासूबाईच पुढे होत, सुनेला दिवस गेलेत म्हणून सांगत. नातवाची ओढ, दुसरं काही नाही. त्यांचं मन मोडू नये म्हणून मी गप्प. तिन्ही वेळा पोटात काही नव्हतं.

काल पुन्हा तेच. गर्भ पडून दोन महिने झाले नाहीत, तरी सासूबाई म्हणाल्या, "तिले देऊ नका, दिवस गेले असतीन." मोहिमेच्या बाईने वहीत 'गरोदर' लिहायला पेन टेकवलं. अख्खी आळी बघत होती. मी हात पुढे केला. म्हटलं, "मले दिवस नाई गेले. काही नाई पोटात. गोळी द्या."

सासूबाई भिंतीला टेकून खालीच बसल्या. मी त्यांच्यासमोर गोळी चावली. राग आला, रडूही आलं. पोटात नसलेल्या नातवाला जपता जपता आम्ही दोघींनी असलेली दोन घालवली, ताई.

पत्र लवकर पाठव, मला अंतर देऊ नकोस.
तुझी रीता