गाडी सगळ्यांची

३ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

गाडी विकायला काढल्याचं तुमचं पत्र मिळालं. मन भरून आलं. काल आमच्या वाहतूक कचेरीच्या बैठकीत मी उभा राहून सांगितलं, की सामायिक गाडी योजनेसाठी पहिला त्याग माझ्या वडिलांनी केला आहे. साहेबांनी टेबल वाजवलं. आम्हीही आमची गाडी मागच्याच आठवड्यात विकली, पण त्याचं कोणाला काही वाटलं नाही. वडिलांनी विकली म्हटलं की सभागृह हलतं.

योजना अगदी सोपी आहे. शहरात घरटी एक गाडी, आणि ती दिवसभर नुसती उभी. मग दहा घरांत मिळून एकच का नको? गाडी चौकात असेल, फोनवर कळ दाबली की दार उघडेल, काम झालं की परत चौकात सोडायची. रस्ते मोकळे, हवा स्वच्छ, जागेवरून भांडण नाही. तुमच्या डोळ्यांना आता गाडी झेपत नव्हती, आणि तसं तुम्हाला जायचं तरी कुठं असतं? एक रविवार सोडून एक रविवार मीच येत जाईन. हा माझा शब्द.

हिचा नमस्कार. आमच्यावर कृपा आहेच, ती तशीच राहू द्यावी.

आपला,
बाळ


१२ फेब्रुवारी

चि. बाळ यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पन्नाशीच्या माणसाला बाळ लिहिताना हात अडखळतो. पण मग तुझं पत्र पुन्हा वाचतो आणि अडखळायचा थांबतो.

गाडी शेजारच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी घेतली. अट एकच, की चालवायला मी शिकवायचं. उभा जन्म ड्रायव्हिंग स्कूल चालवण्यात गेला, पण असा विद्यार्थी पाहिला नाही. लोकांच्या अक्कलदाढा हसत हसत उपटणारी ही बाई, पण क्लचवर पाय ठेवला की हिचेच दात वाजतात. काल फाटकातून गाडी बाहेर काढायची होती, तर हिने फाटकच बाहेर काढलं. सुतार येऊन गेला.

गाडी गेली त्या दिवशी वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? मला कुठं जायचं नसायचं हे खरं, पण जाता येतं एवढ्यावर माझं बरं चाललं होतं. असो. बाहेरच्या खोलीतल्या खाटेवर तुझ्यासाठी धुतलेली चादर घातली आहे. कुठल्या रविवारी येतोस ते लिहून कळव. फोनवर नको. फोनवर तू सगळ्यालाच हो म्हणतोस.

लोभ आहे, तो वापरात असू दे.

बाबा


२० मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

उशीर झाला, रागावू नये. आठवडाभर चौकात गाड्यांची रांग असते, पण सुट्टीच्या दिवशी अख्ख्या शहराला एकदमच आपापले वडील आठवतात. पहाटे उठून गेलो तरी चौक रिकामा. मधल्या एका रविवारी मिळाली होती, पण आत कोणाची तरी गादी आणि गादीवर कोणाचे तरी आजोबा झोपलेले. ते म्हणाले, नातू रद्दी टाकायला गेलाय, येईपर्यंत मी इथून हलणार नाही. दुसऱ्या एका रविवारी गाडी मिळाली, आजोबाही नव्हते, पण आधीच्या माणसाने बॅटरी संपवून ठेवली होती.

साहेबांचं मत असं, की गाडी न मिळणं हेच योजनेचं यश आहे, कारण त्यावरून मागणी वाढलेली दिसते. मी मात्र आता एक युक्ती योजली आहे. पुढचा रविवार नक्की.

आपला,
बाळ


२ एप्रिल

चि. बाळ यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मागणी वाढल्याबद्दल तुझं आणि साहेबांचं अभिनंदन. इकडं मागणी पहिल्यापासून आहे तेवढीच आहे, एका मुलाची.

डॉक्टरीणबाई आता तिसऱ्या गिअरपर्यंत पोचल्या. चौथ्याचं नाव काढलं की त्यांना पेशंट आठवतो. माझी तब्येत बरी आहे. चादर बदलली.

येणं व्हावं.

बाबा


२८ एप्रिल

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

हे तुम्हाला कळवणार नाहीत, म्हणून मी कळवते. यांना गाडी मिळाली आहे. मिळून महिना झाला. छापखान्यामागच्या बोळात, कागदाच्या गठ्ठ्यांआड लपवून ठेवली आहे आणि फोनवर रोज ‘वापरात’ अशी कळ दाबतात. आत आमच्या दिवाणखान्यातली उशी आहे. सकाळी उठून फडकं घेऊन पुसायला जातात. आमची स्वतःची गाडी होती तेव्हा पावसाने धुतली तेवढीच.

तुम्ही म्हणाल, गाडी आहे तर येत का नाही? मीही तेच विचारलं. तर म्हणाले, हलवली तर बोळातली जागा जाईल. म्हणून कचेरीतही चालत जातात.

यांना एकट्याला तरी काय बोलू? वरच्या मजल्यावरच्या वकिलांनी एक गाडी ताडपत्रीखाली झाकली आहे. समोरच्या गाण्याच्या बाईंनी एकीत पेटी नेऊन ठेवली आहे आणि कोणी काचेवर टकटक केली की सा लावतात. पूर्वी आमच्या गल्लीत ज्याच्या त्याच्या गाड्या उभ्या असायच्या, आता सगळ्यांच्या उभ्या असतात. परवा कचेरीतून फतवा निघाला, की अडवून ठेवलेली गाडी उचलून नेण्यात येईल. तो यांनीच लिहिला. त्याच गाडीत बसून लिहिला, घरात एकाग्रता होत नाही म्हणे.

बाबा, मला फार राग आला आहे आणि तुमच्यासाठी वाईट वाटतं आहे. तब्येत सांभाळावी. सुनेवर माया आहे, तिच्यात खंड नसावा.

आपली,
सूनबाई


५ मे

चि. सूनबाईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गाण्याच्या बाईंपर्यंत वाचलं आणि हसून हसून ठसका लागला. पुढं हसू आलं नाही. त्याला बोलू नकोस. त्याला वस्तू जपता येतात, एवढं तरी कळलं.

डॉक्टरीणबाई म्हणतात, दर रविवारी फाटकाकडे बघत बसता, त्यापेक्षा माझ्याबरोबर चला, मला हमरस्त्यावर हात बसवायचा आहे. या रविवारी जाईन म्हणतो.

तुझ्या पत्राने बरं वाटलं, अशी लिहीत जा.

बाबा


९ मे, रविवार

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्याच पायरीवर बसून लिहितो आहे. दाराला कुलूप आहे. समोरच्यांनी सांगितलं, की इतके रविवार तुम्ही घरीच असायचात, आजच गेलात.

सकाळी फडकं घेऊन बोळात गेलो तर गाडी नाही. भिंतीवर माझा फतवा चिकटवलेला, खाली माझी सही. गाड्या ठेवतात तिथं जाऊन पुष्कळ विनवण्या केल्या. तिथला कारकून म्हणाला, ज्यानं नियम केला त्याला जाऊन भेटा. हमरस्त्यावर येऊन उभा राहिलो. कुठं जावं सुचेना. तेवढ्यात एक बस आली, पाटीवर आपल्या गावाचं नाव. हात केला तर थांबली. पन्नास माणसं एका गाडीत, कोणी ती लपवत नव्हतं, कोणी पुसत नव्हतं. बसचा विभाग आमच्या वरच्याच मजल्यावर आहे, पण आमचं त्यांच्याशी बोलणं नाही. ही बस आहे हे मला कोणीतरी सांगायला हवं होतं.

खिडकीतून बाहेरच्या खोलीतली खाट दिसली. चादरीच्या घड्या अजून मोडलेल्या नाहीत. बाबा, मला फार लाज वाटली.

शेवटच्या बसची वेळ झाली. पत्र दाराखालून सरकवतो आहे.

आपला,
बाळ


१० मे

चि. बाळ यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दार उघडलं तर पायात तुझं पत्र. तू आलास आणि मी चौथ्या गिअरमध्ये होतो. याचं रात्री फार वाईट वाटलं, झोप लागली नाही.

बस आजची नाही. तू शिकायला शहरात गेलास तेव्हापासून ती या रस्त्याने जाते. तुझी आई होती तोवर तू याच बसनं यायचास, जागा नसली तर उभ्यानं यायचास. माझ्या गुडघ्यांना तिची पायरी चढवत नाही, नाहीतर मीच येऊन धडकलो असतो. कोणीतरी सांगायला हवं होतं, असं तू लिहितोस. मी दर पत्रात लिहायला घेतलं आणि राहू दिलं. वाटलं, तुला यायचं असेल तर तू विचारशील. तू विचारलं नाहीस, बाळ.

येत्या रविवारी डॉक्टरीणबाईंना नाही म्हणून सांगितलं आहे. सकाळच्या बसला मी थांब्यावर उभा राहीन. आलास तर बरोबर चालत घरी येऊ. नाही आलास, तर तिच्यामागून दुपारी आणखी एक असते.

बाबा