काट्यांच्या अलीकडून

बाई, परवा तुमच्या शाळेत गेलो होतो, जुन्नरला. वादविवाद स्पर्धेला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. खतं-बियाणं विकणाऱ्या दुकानदाराला कोण परीक्षक करतं, पण आत्ताच्या मुख्याध्यापकांनी जुन्या विजेत्यांची नावं शोधून काढली आणि भर बाजारात मला गाठून म्हणाले, "यायलाच लागतंय." गेलो. फळ्यावर विषय लिहिलेला, 'महामारीत केंद्र सरकारने देश चांगला सांभाळला'. खोटं कशाला बोलू, तो वाचला आणि तिथेच माझं डोकं फिरलं.

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की कोरोना हा शब्दसुद्धा तुमच्या कानावर पडला नाही. पण तुमचा तो बिस्किटांचा पत्र्याचा डबा अजून तिथेच आहे. त्यातून चिठ्ठी काढायची, अनुकूल आलं तर अनुकूल, प्रतिकूल तर प्रतिकूल, स्वतःला काय पटतं ते घरी ठेवून यायचं. आणि तुमचा दुसरा नियमही पाळतात. जिंकणाऱ्याने शेवटी उभं राहून सांगायचं, समोरच्याच्या कोणत्या वाक्याला मला उत्तर देता आलं नाही. ते सांगितल्याशिवाय ढाल नाही.

मला ती ढाल तुम्ही कधीच दिली नाहीत. नववीत आहे मी, विषय धरणाचा, माझी चिठ्ठी धरणाच्या बाजूची. समोर आंबेगावच्या डोंगराकडची एक मुलगी, तिचं गाव पाण्याखाली गेलेलं. ती म्हणते, "उन्हाळ्यात पाणी उतरलं की आमच्या देवळाचा कळस दिसतो. तुमच्या उसाला पाणी मिळालं, आमचं देऊळ कुणी परत देणार हाय का?" आणि मी म्हणतो, "मग उन्हाळ्यात दर्शनाला जावा की!" सगळा हॉल हसला. मी जिंकलो. तुम्ही विचारलंत, कोणतं वाक्य? मी छाती काढून सांगितलं, "एक पण न्हाई बाई." तुम्ही ढाल उचललीत, कपाटात ठेवलीत, किल्ली फिरवलीत. "हसवणं म्हणजे उत्तर नव्हे. वाक्य सापडेल तेव्हा ये आणि घेऊन जा." कसला राग आला होता मला तुमचा! आठवडाभर तुम्हाला नमस्कारसुद्धा केला नव्हता.

तर परवा. अनुकूल बाजूचा मुलगा चुणचुणीत होता. लस देशात बनली, फुकट टोचली, रेशनला धान्य दिलं, भल्या भल्या देशांनी हात टेकले तिथे एवढा अफाट देश तगला. बरोबर आहे त्याचं. मीही आरोग्य केंद्रात रांग लावून सुई टोचून घेतली आहे, फुकटचे गहू माझ्याही घरात आले आहेत. पण शेजारी बसलेले दुसरे परीक्षक, पेन्शनीत निघालेले साहेब, माझ्या कानाशी लागून म्हणाले, "जगात कुनाला जमलं व्हतं राव? आपल्याकडं लई चांगलं निभावलं म्हनायचं." माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "निभावलं? कुनाचं निभावलं, साहेब?" मी एवढ्या जोरात बोललो की बोलणारा मुलगा थांबला.

निभावलं म्हणे! रात्री आठला टीव्हीवर सांगायचं आणि बाराला देश बंद. चार तास, बाई. आमच्याकडे लग्नाच्या पंगती उठायला चार तास पुरत नाहीत. हातावर पोट असलेल्या माणसाने चार तासांत जायचं कुठे, याचा विचार करायला कुणाला सवड झाली नाही. थाळ्या वाजवायला लावल्या. मीही वाजवली, घरातली पितळी परात, तिला पडलेला पोचा अजून तसाच आहे. मग जिंकलो जिंकलो म्हणून स्वतःची पाठ थोपटून घेतली, प्रचाराच्या सभा भरवल्या, आणि दुसरी लाट आली तेव्हा लोक ऑक्सिजनसाठी दारोदार. वर नंतर दिल्लीत सांगितलं काय, तर ऑक्सिजन नाही म्हणून कुणी दगावल्याची राज्यांकडून नोंदच आलेली नाही. नोंद नाही! माझा थोरला भाऊ, तुमच्याच हाताखालून शिकलेला, मुंबईत कंपनीच्या कँटीनमध्ये स्वयंपाकी होता. त्या लाटेत रिक्षात गेला, तिसऱ्या दवाखान्याच्या दारात. वहिनी पदराने त्याला वारा घालत होती. लाज वाटायला पाहिजे, बाई. निर्लज्ज आहेत सगळे, वरपासून खालपर्यंत.

प्रतिकूल बाजूची मुलगी हेच बोलत होती, माझ्यापेक्षा कितीतरी शांतपणे. मी मनात तिला भराभर गुण देत होतो. तेवढ्यात त्या मुलाने विचारलं, "रस्ते सरकारनं बंद केले म्हणता. पण गावाच्या वेशीवर काट्या कुणी टाकल्या? त्या काय दिल्लीवरून आल्या व्हत्या?" पोरं खो खो हसली. माझ्या हातातलं पेन तिथेच थांबलं.

त्या काट्या मी टाकायला लावल्या होत्या. पंचायतीसमोर दहा-बारा जण जमलो होतो. निम्म्यांचं म्हणणं, मुंबईची माणसं आपलीच आहेत, येऊ द्या, शाळेत ठेवू. मी उभा राहिलो. तुम्ही शिकवलेलं सगळं वापरलं, कुठे आवाज चढवायचा, कुठे थांबायचं. "सरकार सांगतंय, हाय तिथंच थांबा. आज एकाला आत घेतला तर उद्या सरण रचायला मानूस मिळायचा न्हाई." सगळ्यांना पटलं. बाभळी तोडून रस्त्यावर आडव्या टाकल्या. फक्त मुंबईला जाणाऱ्या भाजीच्या टेम्पोसाठी त्या बाजूला व्हायच्या. मेथी-कोथिंबीर कशी अडवणार, सगळ्यांचीच होती, माझीही. ड्रायव्हर रोज मुंबई करून गावात यायचा, त्याला कुणी हटकलं नाही.

आठवडाभरात दादा येऊन उभा राहिला. थोडं गाडीने, बाकी माळशेजचा घाट चालत. चपलेचा अंगठा तुटलेला, सुतळीने बांधलेला. तो काट्यांच्या पलीकडे, मी अलीकडे. म्हणाला, "मला आत घे. दोन दिवसांत काहीतरी सोय करून तुझ्या वहिनीला अन् पोरीला आनतो. कँटीन बंद हाय, घरमालक जा म्हनतोय." गावची माणसं माझ्याकडे बघत होती. एक जण म्हणालासुद्धा, "तुझाच भाऊ हाय, तू म्हनशील तसं." एवढं सोपं होतं. पण चार दिवसांपूर्वी मीच दुसऱ्याच्या मुलाला परत पाठवलेला. मी म्हणालो, "दादा, नियम म्हंजे नियम." लांब काठीने भाकरी आणि पाण्याची बाटली काट्यांखालून सरकवली. त्याने बाटली घेतली, भाकरी घेतली नाही. म्हणाला, "सरकारनं मला चार तास दिले. तू किती देतो?"

मी काठी मागे ओढून घेतली. संध्याकाळी भाजीचा टेम्पो निघाला, काट्या बाजूला झाल्या, आणि तो आपल्याच शेतातल्या मेथीच्या गठ्ठ्यांवर बसून परत मुंबईला गेला. पुन्हा गावाकडे आला नाही. फोनवर बोलायचा, पाऊस कसा आहे विचारायचा. पुढच्या वर्षी गेलाच.

परवा ती मुलगी जिंकली. मुख्याध्यापकांनी तुमचा प्रश्न विचारला. ती उभी राहून म्हणाली, "काट्या कुणी टाकल्या, याचं उत्तर मला देता आलं नाही." झालं, तिला ढाल मिळाली. मग मला शाल, नारळ, आणि कपाटात सापडली म्हणून माझी ती जुनी ढाल. दोन शब्द बोला म्हणाले. मी चांगलं अर्धा तास बोललो, सरकारची सालटी काढली, खरं तेच बोललो, एक शब्द मागे घेणार नाही. टाळ्या पडल्या. काट्यांबद्दल बोललो नाही.

दादाच्या दहाव्याला, मुंबईत, वहिनी रडत रडत सगळ्यांना सांगत होती, "गावाला निघालं व्हतं वं, पोलिसांनी घाटातनं माघारी धाडलं. मेल्यांनी घरी जाऊ दिलं न्हाई." तिला तसं दादानेच सांगितलेलं. माझ्याकडे वळून तिने विचारलं, "व्हय ना भाऊजी?" मी मान हलवली. वर पोलिसांना दोन शिव्या घातल्या.

ढाल तेवढी दुकानात आणून पोत्यांमागे ठेवली आहे. ती परत आत ठेवायला तुमच्या कपाटाची किल्ली आता कुणाकडे असते ते विचारायचं राहिलं. रविवारी वहिनी येणार आहे, पोरीच्या कॉलेजला लागणाऱ्या पंचायतीच्या दाखल्यासाठी. ती आली की पुन्हा पोलिसांचा विषय काढेल, आणि बाई, मला माहीत आहे, मी पुन्हा मान हलवीन.