बाई क्रमांक सतरा

नवीन पनवेल,
१२ मार्च २०११

प्रिय अनुया,

अनुवाद कुठवर आला म्हणून विचारलं आहेस. संपला. शेवटचं प्रकरण परवा कुरियरनं तुमच्या विद्यापीठाच्या प्रकाशन विभागात गेलं. तुझी दुसरी मागणीही पुरी केली आहे, तिच्याबद्दल शेवटी लिहिते. हे वाचता वाचता फोन उचलू नकोस. आधी पूर्ण वाच.

काम तूच मिळवून दिलंस, हे मी विसरलेले नाही. मिठागरातल्या बायकांवरचं तुझं इंग्रजी पुस्तक परदेशातल्या विद्यापीठानं छापलं, त्याच्या चारशे प्रती निघाल्या आणि कुठल्या कुठल्या ग्रंथालयांत जाऊन बसल्या. मग तुमच्या विभागानं 'ज्ञान लोकांकडे' ही माला काढली आणि तू सभेत म्हणालीस की हे पुस्तक ज्यांचं आहे त्यांच्या हातात त्यांच्या भाषेत पडलं पाहिजे. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. अनुवादाला माझं नाव सुचवलंस, कारण मी गव्हाणची, आगऱ्यांच्या घरातली, मिठागरात वाढलेली आणि वर पनवेलच्या शाळेत मराठीची बाई. मालेला शोभेल अशी. मला आनंद झाला होता गं, खोटं कशाला बोलू? शाळेत मुख्याध्यापकांना सांगितलं, पेढेसुद्धा वाटले.

तीन प्रकरणं भराभर झाली. चौथं बाळंतपणांचं. एक्केचाळीस बायका, प्रत्येकीला क्रमांक, प्रत्येकीला खोटं नाव आणि प्रत्येकीखाली तीच तळटीप: 'नाव बदलले आहे'. तुमच्या लोकांचा तो नियमच, माहीत आहे मला. क्रमांक सतरा, नाव दिलंय काशीबाई. ही बाई सांगते, पहिली पोर एप्रिलात मिठागरावरच्या झोपडीत झाली. मुलगी झाली तर घरी येऊ नको, असं नवऱ्यानं बजावलं होतं. तिनं सुईणीला सांगितलं, चिमूटभर मीठ हिच्या तोंडात घाल आणि मोकळी कर मला. सुईण नाही म्हणाली. पोरीला उचलून तिनंच तिचं नाव ठेवलं आणि नवऱ्यापुढे जाऊन उभी राहिली. पुढे ही बाई म्हणते, पोर मोठी झाली, शिकली, पण तिला जवळ घेताना हात अजून मागे येतो. आणि मग तुझं एक वाक्य, अभ्यासाच्या दृष्टीनं फार महत्त्वाचं असणार: मुलीच्या डाव्या पायाला सहावं बोट होतं, ते बाईला अपशकुनी वाटलं.

अनुया, हॉस्टेलवर तीन वर्षं तू मला 'सहावी' म्हणून हाक मारायचीस. माझ्या त्या बोटाला नेलपॉलिश लावायचीस. माझं नाव सुईणीनं ठेवलं ही गोष्टही मी तुला किती कौतुकानं सांगायचे. आई ती तशीच सांगायची ना, पहिला अर्धा भाग गाळून. मुलाखत तुझ्या विद्यार्थिनींनी घेतली आणि तुझ्यापुढे नुसता क्रमांक आला, हे मला कळतं. तू मुद्दाम केलं नाहीस. ते बोट तू टाइप केलंस, दोनदा तपासलंस, छापलंस आणि तुला मी आठवले नाही. मुद्दाम केलं असतंस तर बरं वाटलं असतं, निदान मी तुझ्या डोक्यात तरी होते असं म्हणता आलं असतं.

ती तीन पानं मला आठ दिवस पुरली. शब्द सोपे होते. मला एकच हवं होतं, आईनं एकदा म्हणावं की चुकलं माझं. बाकी काही नको होतं. चौतीस वर्षं मी तिच्या हातामागे लागले होते. पहिल्या पगाराची साडी, मोतीबिंदूचं ऑपरेशन, दर रविवारी गव्हाणला फेरी. ती धाकट्या नीताच्या पाठीवरून हात फिरवायची आणि मला चहा विचारायची. मी समजायचे, थोरल्या लेकीशी आया अशाच वागतात. आणि ह्या बाईनं दोन अनोळखी पोरींना टेप चालू असताना सगळं सांगून टाकलं होतं.

त्यातच तुझं पत्र आलं. गव्हाणच्या एखाद्या बाईला थोडं वाचून दाखव, तिला काय वाटलं ते दोन ओळींत तिच्याच बोलीत पाठव, मलपृष्ठावर घालू. मी आईलाच बसवलं. चार दुपारी वाचलं. पहिले दोन दिवस ती खूश होती. टोपल्या, पायाला पडणाऱ्या भेगा, मुकादमाच्या शिव्या, सगळं बरोबर लिवलाय म्हणाली. तिसऱ्या दिवशी सतरावी बाई आली आणि तिनं तोंड फिरवलं. मी थांबले नाही. संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचलं. चौथ्या दुपारी ती उठायला लागली तर मी दाराला कडी घातली आणि वर्गात वाचतात तसं सावकाश, एकेक शब्द सुटा करून वाचलं. तिनं हात जोडले. तेवढं काढ म्हणाली. मी म्हटलं, माफी माग, काढते. नीता बाहेरून दार वाजवत होती. आई माझ्याकडे बघत राहिली, पायाकडे नाही, तोंडाकडे. मग बोलली.

तुझ्या दोन ओळी त्याच. हे पत्र त्या ओळींसाठीच लिहिलंय. तीन पानं मी काढलेली नाहीत, तूही काढू नकोस, लोकांचं आहे ते. मलपृष्ठावर आईचं नाव बदलायचं नाही, गुणाबाई असंच छापायचं, मुक्काम गव्हाण. भाषा सुधारायची नाही. ती म्हणाली: 'मी मीठ मागितलं, सुईणीनं दिलं नाय. चूक तिची हाय.'

तुझीच,
सहावी