कुंकवाशेजारचं बटण

झाशी, मंगळवार संध्याकाळ

दुपारी व्होल्टेज एकदम वाढलं. टीव्ही जळला, कॉम्प्युटरही सुरू होईना. केबल बदलली, सॉकेट बदललं; ढिम्म. दुरुस्तीवाले भैया फोनवर म्हणाले, "भाभीजी, मदरबोर्ड गया होगा." मामंजींनी म्हटलेली मंत्रपुष्पांजली त्यातच आहे; ते गेल्यापासून गणपतीत आम्ही तीच लावतो. घरात आता दुसऱ्या कुणाला पाठ आहे?

मग कॉम्प्युटरच्या डब्यामागे पाहिलं. दसऱ्याला लावलेल्या कुंकवाशेजारचं बटण चक्क बंद! दाबलं, आतला पंखा घुरघुरला. मी तर ते कधी बंद करत नाही. मग कुणी?

सासूबाई म्हणाल्या, "दिवा भगभगला तशी आधी ह्यांचं बटण बंद केलं. टीव्हीपर्यंत पोचेतो टीव्ही गेला."

त्यांची मालिका बुडाली. कॉम्प्युटरला रोज 'मेला डबा' म्हणतात. आज मात्र त्याला कुंकवाचं ताजं बोट लावून आल्या.